सुई न धरता

"मला शिवता येत नाही, मग मी काय मदत करणार?" मुलांनो, असे म्हणू नका.

अंशू गुप्ता यांनी १९९९ साली दिल्लीत 'गूंज' ही संस्था सुरू केली. शहरांतील जुन्या कपड्यांपासून तेथे गोधड्या आणि दप्तरे शिवतात. २०१५ साली गुप्ता यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

शिवणयंत्र चालू होण्याआधी पुष्कळ काम असते. अंधेरी असो की घाटकोपर, शेजाऱ्यांकडून कपडे गोळा करा. मळका कपडा तसाच देणे म्हणजे घेणाऱ्याचा अपमान. आधी धुवा, वाळवा. सुती कापड निराळे काढा. फाटक्या सदऱ्याची बटणे डब्यात जपा. सलवारीत नाडी आहे ना, हे आवर्जून पाहा. नाडीशिवाय ती बाई सलवार घालणार कशी? नसेल तर ओवा. त्याला सेफ्टी पिन पुरते.