कायमचा लिंबूटिंबू नको

अपंगत्व असलेल्या मुलांचे पालक दवाखान्यात येतात ते बहुधा दोन प्रश्न घेऊन. मूल चालेल का आणि बोलेल का? मूल खेळते का, याविषयी सहसा कोणी बोलत नाही. आपण विचारले तर उत्तर मिळते, "खेळणार कसले डॉक्टर, आधी हात तर चालू दे." गाडे अडते ते इथेच. हात चालावा म्हणूनच तर खेळायचे असते.

सेरेब्रल पाल्सीचे उदाहरण घेऊ. जन्मापूर्वी, जन्माच्या वेळी किंवा तान्हेपणी वाढत्या मेंदूला इजा झाली, म्हणजे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. पुष्कळ मुलांची एकच बाजू अधू असते. असे मूल सगळी कामे चांगल्या हाताने उरकते आणि दुसरा हात विसरूनच जाते. न वापरलेला हात अधिक ताठरतो, मनगट आखडते. व्यायामाला बसवले की पाच मिनिटांत रडारड सुरू! पण त्याच मुलाला दोन्ही हात लावल्याशिवाय उचलत नाही असा मोठा चेंडू द्या, पोळ्यांच्या वेळी कणकेचा गोळा थापायला द्या, ताईच्या पतंगाची फिरकी धरायला द्या. तोच हात कुरकुर न करता राबतो. मेंदू शिकतो तो पुन्हा पुन्हा करून, आणि मूल पुन्हा पुन्हा करते ते गंमत वाटते तेवढेच. अर्थात, फिजिओथेरपिस्टने शिकवलेला व्यायाम बंद करू नये. तो कोणत्या खेळात बसवता येईल, हे त्यांनाच विचारावे.

यासाठी महागड्या खेळण्यांची गरज नाही. 'बुद्धी वाढवणारी' म्हणून विकली जाणारी बरीच खेळणी कपाटावरच राहतात, असा अनुभव आहे. चिंचोके चिमटीत धरून वाटीत टाकणे ही पेन्सिल धरण्याची पूर्वतयारीच होय. सागरगोट्यांनी हात आणि नजर यांचा मेळ बसतो. सापशिडीत पाळीसाठी थांबावे लागते. स्वमग्न मुलाला हे फार जड जाते, म्हणून सुरुवात दोघांतच करावी आणि ज्याची पाळी त्याच्यापुढे रुमाल ठेवावा. पाळी डोळ्यांना दिसली की थांबणे सोपे होते.

आता गल्लीतल्या खेळाविषयी. मुले दयाळू असतात. अशा सवंगड्याला ती लिंबूटिंबू म्हणून घेतात, म्हणजे त्याने नुसते धावायचे. तो बाद नाही आणि त्याच्यावर राज्यही नाही. चार वर्षांच्या भावंडाला हे चालते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला मात्र आपण असून नसल्यासारखे आहोत हे बरोबर कळते. मग ते खेळायला जाणेच सोडते, घरात बसून वजन वाढते, चिडचिड वाढते. अशा वेळी मुलाला वगळू नये, नियम बदलावा. लगोरीत त्याला चार पावले पुढून नेम धरू द्यावा. कर्णबधिर मुलासाठी शिट्टीऐवजी रुमाल हलवावा. दृष्टिहीन मुलासाठी चेंडू प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधला तरी सरसर आवाजावरून तो सापडतो. मात्र बाद झाला तर बाद, आणि राज्य आले तर राज्य!

नियम बदलला म्हणजे खेळ खोटा होतो, असे कोणी समजू नये. बोचिया हा खेळ १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपला चेंडू न्यायचा, एवढाच तो खेळ. ज्यांना फेकता येत नाही ते उतरत्या पन्हळीवरून चेंडू सोडतात, आणि चुरस तितकीच असते.

काही पथ्ये मात्र पाळावीत. तीन वर्षांखालील किंवा वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलांच्या हाती चिंचोके, गोट्या देऊ नयेत. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे सांधे सैल असतात, म्हणून डॉक्टरांनी तपासल्याशिवाय कोलांटउड्या नकोत. फिट येणाऱ्या मुलाला पाण्यात एकटे सोडू नये, झाडावरही चढू देऊ नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते व पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची सोय आहे. तिथे जाताना जुन्या कागदपत्रांबरोबर मुलाचे आवडते खेळणेही न्यावे. मूल ते कोणत्या हाताने आणि कसे घेते, हे पाहूनच तपासणाऱ्याला बरेच काही कळते.