डोक्यापासून ओटीपोटापर्यंत

सातारा

चि. बाळ,

मिरजेहून पाठवलेलं तुझं पत्र मिळालं. चाळिशीतल्या त्या बाईच्या हृदयाच्या धमनीत डिसेक्शन निघालं, रक्तप्रवाह नीट होता म्हणून स्टेंट न घालता औषधांवर ठेवलं, हे योग्यच केलंत. बहुतेक वेळा अशी धमनी काही आठवड्यांत-महिन्यांत आपोआप भरून येते. पण "दोन दिवसांत घरी सोडू" हे वाचून लिहायला बसलो.

भिंतीचे थर सुटून मध्ये रक्त साठलं ते हृदयाच्या धमनीत. म्हणून दोष तेवढ्यापुरताच आहे, असं धरून चालू नकोस. आपोआप होणाऱ्या डिसेक्शनचे दहातले जवळपास नऊ रुग्ण बायकाच असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींना फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेसिया, म्हणजे धमन्यांच्या भिंतीचा दोषही असतो. त्यात मूत्रपिंडाची किंवा मानेची धमनी अनेकदा मण्यांच्या माळेसारखी दिसते. काहींच्या मेंदूतल्या धमनीला फुगवटा असतो. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या 2018 च्या निवेदनात डोक्यापासून ओटीपोटापर्यंतच्या धमन्या एकदा तपासाव्यात, असं सुचवलं आहे.

सुरुवात हातांनी कर. दोन्ही दंडांत बीपी घे, चारही हातापायांच्या नाड्या बघ, मानेवर आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेव. अर्धशिशी, कानात नाडीसारखी धडधड, लहान वयात बीपी, घरात कुणाचा अचानक मृत्यू, हे विचार. आपल्याकडे ताकायासू, म्हणजे मोठ्या धमन्यांचा दाहही दिसतो. नाडी लागत नसेल, ईएसआर वाढलेला असेल, तर तो मनात ठेव. मग सीटी अँजिओग्राफी. आधी क्रिएटिनिन बघ. हृदयाच्या अँजिओग्राफीचं कॉन्ट्रास्ट नुकतंच गेलं आहे. मूत्रपिंड नाजूक असेल किंवा बाई गरोदर असेल, तर कॉन्ट्रास्टशिवाय एमआर अँजिओग्राफीचा विचार कर.

लक्षणं नसतील तर स्कॅन काही आठवड्यांनी झाला तरी चालतो. पण जत-आटपाडीची किंवा आपल्या माण-खटावातली बाईनं एकदा बरं वाटलं की एसटीचं भाडं भरून, मजुरी बुडवून आणि घरची गुरं सोडून स्कॅनसाठी परत येणं कठीण. तेव्हा शक्य असेल तर घरी सोडण्याआधीच करून घे. नसेल तर डिस्चार्ज कार्डावर तारीख लिही, खर्चाची सोय समाजसेवा अधीक्षकांकडून बघून ठेव आणि सोबतच्या माणसालाही समजावून सांग.

तिला घाबरवू नकोस. काही सापडलं तरी बहुतेक वेळा बीपी ताब्यात ठेवणं आणि लक्ष ठेवणं पुरतं. मेंदूतला फुगवटा मात्र न्यूरोसर्जनला दाखवायचाच. काहीच निघालं नाही, तर तेही तिला स्पष्ट सांग. छातीत पुन्हा दुखलं तर थांबायचं नाही, हे दोन्ही वेळा सांग.

हृदयाच्या वॉर्डात आपण हृदयच बघतो. तू पूर्ण बाई बघायला शीक. स्कॅनमध्ये काय निघालं ते कळव.

तुझा,
काका