पाणी कुठलं, ते आधी विचार

दुबईला जायलाव, आणि लग्नाच्या वाढदिवसाचं जेवण एखाद्या नामांकित शेफच्या हॉटेलात करायचं ठरवलंय, हे वहिनीकडून कळलं. चांगलं केलंत. एक रात्र दोघांनी आपल्यासाठी खर्च केली तर हदगावचं काही बुडत नाही. ‘एवढ्यात दोन महिन्यांचा किराणा आला असता’ म्हणणारे घरातच चार जण निघतील, त्यांचं ऐकू नका. माझं ऐका. मी काही दुबईत राहत नाही, पण थोरल्याकडे लंडनला असली जेवणं जेवून आले आहे. आणि जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत गेल्यामुळं दिसेल त्याला प्रश्न विचारायची खोड आहे. ती तिथं फार कामाला आली. कारण असल्या ठिकाणी माणूस बुजतो, बुजला की मान डोलावतो, आणि प्रत्येक होकाराचे पैसे लागतात.

आधी पाटीवरच्या नावाचं बघ. संजीव कपूरचा ‘खाना खजाना’ झीवर १९९३ साली सुरू झाला, तुझी आई वही घेऊन बसायची. त्यांचं पहिलं हॉटेल १९९८ ला निघालं ते दुबईतच, नाव ‘खजाना’. तेव्हापासून टीव्हीवरच्या शेफचं नाव लावलेली हॉटेलं त्या शहरात रग्गड झाली. पण नाव पाटीवर असतं, माणूस तिथं असेलच असं नाही. तो कुठंतरी चित्रीकरणात असतो, भट्टीपाशी त्यानं तयार केलेली पोरं असतात. यात फसवणूक नाही, फक्त शेफसोबत फोटो काढायचा म्हणून जाणार असशील तर टेबल राखतानाच विचार, त्या दिवशी ते असणार आहेत का. आणि ते हॉटेल आज चालू आहे का, शेफचा त्याच्याशी अजून संबंध आहे का, हेही ताजं ताजं बघून घे. टीव्हीवरच्या शेफांत जेमी ऑलिव्हरएवढं नाव कुणाचं नसेल, तरी ब्रिटनमधली त्याची बहुतेक हॉटेलं २०१९ च्या मे महिन्यात बंद पडली.

तू म्हणालास म्हणे, की मिशेलिन स्टारवालंच पाहिजे. हे स्टार देणारं मिशेलिन म्हणजे टायर करणारी फ्रान्सची कंपनी. १९०० साली तिनं मोटारवाल्यांना वाटेवरच्या गॅरेज-हॉटेलांची पुस्तिका फुकट वाटली. लोक गाड्या फिरवतील, टायर झिजतील, असा तो हिशेब. स्टार आले १९२६ मध्ये. एक स्टार म्हणजे वाटेत थांबावं, दोन म्हणजे वाट वाकडी करावी, तीन म्हणजे त्यासाठीच घरातून निघावं. दुबईची पुस्तिका निघाली २०२२ ला. आणि २०२५ मध्ये तिथल्या ‘ट्रेसिंड स्टुडिओ’ला तीन स्टार मिळाले, भारतीय जेवणाच्या हॉटेलाला जगात पहिल्यांदाच. शेफ आपलेच, हिमांशू सैनी. वीसेक खुर्च्यांची जागा आहे, तेव्हा आठवड्यावर तारीख आली असताना टेबल मागशील तर मिळायचं नाही. नाहीच मिळालं तर हिरमुसू नकोस. त्याच घरातली ‘ट्रेसिंड’ आणि ‘कार्निव्हल’ अशी दुसरी, सोपी हॉटेलं दुबईत आहेत. स्टार हॉटेलला असतो, माणसाला नाही, एवढं लक्षात असू दे. शेफ सोडून गेला तर तो स्टार खिशात घालून नेत नाही.

टेबल राखताना कार्डाचा नंबर मागतात. देण्याआधी बारीक अक्षर वाच. किती तास आधी रद्द केलं तर पैसे कापत नाहीत, न गेल्यास माणशी किती कापतात, काही ठिकाणी तर सगळे पैसे आधीच घेतात. वेळ आठची म्हणजे आठ. आपल्याकडं पत्रिकेत मुहूर्त बारा पस्तीसचा आणि अक्षता दीडला. तिथं पंधरा-वीस मिनिटं झाली की टेबल दुसऱ्याला देऊन मोकळे होतात. शक्य असेल तर दुपारचं जेवण घ्या. पुष्कळ ठिकाणी तेच स्वयंपाकघर दुपारी कमी पदार्थांचं, बऱ्याच कमी पैशांचं ताट देतं. ही युक्ती मला लंडनला एका गुजराती बाईनं सांगितली, आणि पैशाच्या बाबतीत मी गुजराती बाईचा शब्द खाली पडू देत नाही.

आता सूनबाईचं. हे नीट ऐक माय, तुझी माळ आहे आणि चातुर्मासात तू कांदा-लसूण खात नाहीस. नुसतं ‘व्हेज’ म्हणून गप्प बसू नकोस. मासे म्हणजे मांस नव्हे असं समजणारे लोक जगात खूप आहेत. मटण नाही, कोंबडी नाही, मासा नाही, अंडं नाही, आणि त्यांचं उकळलेलं पाणीही नाही, असं एकेक करून सांगायचं. सूप, भात, रस्सा हे सगळं त्या पाण्यावरच करतात आणि वरून दिसत नाही. थाई पदार्थात माशाचा सॉस पडतो. थरथरणाऱ्या गोड पदार्थात जिलेटिन असतं, ते जनावराच्या हाडा-कातड्याचं. पार्मेजान नावाचं इटलीचं खरं चीज वासराच्या जठरातल्या रसानं विरजतात. वाढताना ते सगळ्यावर किसतात, हात आडवा करायचा. आणि लेकरा, तू कोंबडी-बकरं खातोस म्हणून सुटला नाहीस. ‘वाग्यू’ म्हणजे जपानी गाय, ‘व्हील’ म्हणजे वासरू. नावावरून कळत नाही, ताट समोर आल्यावर कळून काय उपयोग? हे सगळं टेबल राखतानाच लिहून कळव, आदल्या दिवशी फोन कर, आणि बसल्यावर वाढप्याला पुन्हा सांग. तिन्ही वेळा. आधी कळवलेलं असलं की ही माणसं मनापासून वेगळं करून देतात, भारतीय हॉटेलात तर ‘जैन’ एवढा एक शब्दही पुरतो. ऐन वेळी सांगितलं की मग उकडलेल्या भाज्या येतात, पैसे मात्र तेवढेच.

मेनू समजला नाही तर विचारायला कमीपणा कसला? मुंबईत जन्मलेला, मूळ गोव्याच्या घरातला फ्लॉइड कार्डोझ नावाचा शेफ न्यूयॉर्कला होता, ‘तबला’ हॉटेल त्यानं १९९८ ला मांडलं. अमेरिकेतल्या ‘टॉप शेफ मास्टर्स’ स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत, २०११ ला, त्यानं काय करून घातलं असेल? उपमा. मशरूम, कोकम, नारळाचं दूध असा थाट होता, पण उपमाच. एक लाख डॉलर जिंकले आणि कर्करोगाच्या संशोधनाला दिले. २०२० च्या मार्चमध्ये करोनानं गेला बिचारा. तेव्हा चार ओळींच्या वर्णनाखाली सांजा निघाला तर हसायचंही नाही आणि बावरायचंही नाही. ‘हे कसं केलं’ विचार, वाढपी खुलून सांगतो.

टेस्टिंग मेनू घेतलात तर दहा-पंधरा पदार्थ येतात, एकेक घासाएवढे, आणि दोन-तीन तास लागतात. बहुतेक ठिकाणी टेबलावरच्या सगळ्यांना तोच घ्यावा लागतो, एकानं टेस्टिंग आणि एकानं साधं असं चालत नाही. पहिल्या तीन वाट्या बघून ‘उपाशी मारतात काय’ असं मोठ्यानं म्हणू नकोस, शेवटी पोट भरतं. पण तुझं इन्सुलिन जेवणाआधीचं आहे. पहिला घास आणि खरं जेवण यात तास जाऊ शकतो, तेव्हा सुई कधी घ्यायची हे नांदेडच्या डॉक्टरांना जाण्याआधीच विचार. दिवसभर मॉल तुडवून थकून जाऊ नका. कपडे साधे-स्वच्छ चालतात, फक्त हाफपँट आणि चप्पल नको. सूनबाईनं खुशाल इरकल नेसावी.

बसल्या बसल्या वाढपी विचारतो, पाणी साधं की बुडबुड्याचं? दोन्ही बाटलीचं असतं आणि बाटलीला पैसे पडतात, हे तो सांगत नाही. किंमत विचार. लंडनला दारू विकायचा परवाना असलेल्या हॉटेलात नळाचं पिण्याचं पाणी मागितलं तर फुकट द्यावंच लागतं, तसा कायदा आहे. दुबईत त्या भरवशावर राहू नका. ‘आज खास अमुक आहे’ असं तोंडी सांगतात त्याचीही किंमत आधी विचारायची. एका ओळखीच्या कुटुंबाचं बिल असल्याच एका तोंडी पदार्थानं दीडपट झालं होतं.

बिल आलं की पर्समध्ये चष्मा शोधायला लागला तरी चालेल, पण वाच. दुबईत किमतीत ५ टक्के व्हॅट असतो, मोठ्या हॉटेलांत पालिकेचा आणि सेवेचा आकारही, आणि तो बहुधा धरलेलाच असतो. म्हणून वर बक्षिसी ठेवायची तर खुशीनं ठेव, धाकानं नको. लंडनला साडेबारा टक्के सेवाशुल्क लावतात, पण ते ऐच्छिक असतं, सेवा वाईट असेल तर काढायला सांगता येतं. तिथं २०२४ च्या ऑक्टोबरपासून हे पैसे मालकाला ठेवता येत नाहीत, सगळे कामगारांनाच द्यावे लागतात, तेव्हा सेवा चांगली असेल तर काढू नये. न्यूयॉर्कला मात्र अठरा-वीस टक्के दिल्याशिवाय उठता येत नाही. जपानात दिलेत तर ते परत करायला मागं पळत येतात.

कार्ड घासताना मशीन विचारतं, रुपयांत की दिरहममध्ये? रुपये बघून बरं वाटतं, पण दिरहमच दाब. रुपयांचा दर मशीनवाले ठरवतात आणि तो महाग पडतो. त्याआधी कार्ड परदेशात चालतंय का ते बघ. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं २०२० पासून नवीन कार्डं फक्त देशातच चालू करून देतात, बाहेरचं बटण आपण ॲपमध्ये जाऊन दाबायचं. हे काम इथूनच करून निघ, हैदराबादच्या विमानतळावर ओटीपीची वाट बघत उभं राहायला लावू नकोस.

आणि ज्यांच्याकडं उतरणार आहात त्यांच्यासाठी वहिनी अनारसे करायलीय असं ऐकलं. तिला सांग, खसखशीवर थापू नको म्हणावं. दुबईत खसखस नेणं गुन्हा आहे, आणि तिच्या काळ्या मसाल्यातही ती असते. अनारसे रव्यावर थापले तरी होतात. मसाला तिथल्या लुलू मार्केटात मिळेल, शेंगदाण्याची चटणी मात्र डबाभर ने.