लिस्पमधून सीला हाक मारताना

लोणेऱ्याला शिकतेस आणि प्रकल्पाला सावित्री नदीचा पूर घेतलास, हे बरं केलंस. जुलै २०२१ मध्ये महाडच्या बाजारपेठेत पाणी कसं शिरलं, ते तुला मामानं सांगायला नको. पोलादपूरकडून किती पाणी उतरलं तर खाली महाडला काय होईल, हा विचार लिस्पमध्ये आणि आकडेमोड जुन्या सी प्रोग्रामकडे, हा बेत पक्का ठेव. चालता सी कोड मोडून लिस्पमध्ये पुन्हा लिहायच्या फंदात पडू नकोस.

जीसीसीला 'शेअर्ड' आणि 'एफपिक' हे पर्याय दिलेस की लिनक्सवर त्या सी कोडची लायब्ररी तयार होते. लिस्पच्या बाजूला, सीला हाक मारायला, सीएफएफआय घे. उद्या एसबीसीएल सोडून दुसरं कॉमन लिस्प घेतलंस तरी फारसं बदलावं लागत नाही.

आता नीट ऐक. पाण्याचा वेग काढायच्या मॅनिंगच्या सूत्रात जलीय त्रिज्येचा दोन-तृतीयांश घात असतो. सीमध्ये नुसतं २/३ लिहिलंस तर पूर्णांकी भागाकार होऊन शून्य येतं, आणि शून्य घाताचं उत्तर १. म्हणजे नदी गुडघाभर असो की पुलाला टेकलेली, वेग तोच! प्रोग्राम तक्रार करत नाही, म्हणून हे जास्त वाईट. २.०/३.० लिही. लिस्पची तऱ्हा उलटी. तिथे २ भागिले ३ हा नेमका अपूर्णांकच राहतो, आणि सीला डबल हवा असताना तो पाठवलास की एसबीसीएल अडवतं. १.५ लिहिलंस तर ते सिंगल फ्लोट धरतं, १.५डी० लिहावं. त्यापेक्षा सीला हाक मारणारं एकच छोटं फंक्शन कर, त्यात सगळे आकडे 'कोअर्स'नं डबल कर, आणि बाकीच्या प्रोग्रामनं त्यातूनच जावं.

सीमध्ये मॅलॉकनं घेतलेली जागा लिस्पचा गार्बेज कलेक्टर सोडवत नाही. ज्या लायब्ररीनं दिली, तिच्याच फंक्शननं परत कर. आणि लिस्पच्या ॲरेचा पत्ता सीला जपून ठेवू देऊ नकोस, कलेक्टर तो ॲरे कधीही हलवेल.

उन्हाळ्यात पात्र कोरडं असलं की त्रिज्या काढताना शून्याला शून्यानं भागायची वेळ येते. सी तिथून निमूट पुढे जातं, एसबीसीएलखाली मात्र तोच कोड एरर देतो. हा एरर उठवणारे ट्रॅप झाकता येतात, पण झाकू नकोस. हाक मारण्याआधी खोली तपास.

खऱ्या नदीचे आकडे भरण्यापूर्वी हा हिशेब चालवून बघ: त्रिज्या ८ मीटर, उतार ०.०००१, खडबडीतपणाचा गुणांक ०.०४. वेग सेकंदाला १ मीटर यायला हवा. ०.२५ आला, तर सीमधला २/३ तसाच राहिलाय.