काचेच्या पेटींतील मासा कां मेला?

आमच्या शाळेच्या शास्त्रखोलींत खिडकीजवळ पाण्यानें भरलेली एक काचेची पेटी आहे. तींत दोन सोनेरी मासे तीन महिने सुखानें नांदत होते. वार्षिक संमेलनास पाहुणे येणार, म्हणून आम्हीं ती पेटी अगदीं लख्ख केली. हिरवट झालेली वाळू उकळत्या पाण्यानें धुतली, वेडीवांकडी वाढलेली पाणवनस्पति उपटून टाकली आणि सगळें पाणी बदललें. पाहुण्यांनीं पेटीची वाखाणणी केली. परंतु सहाव्या दिवशीं सकाळीं पाहतों तों एक मासा पोट वर करून तरंगत होता, व दुसरा पाण्याच्या पृष्ठभागाशीं तोंड आणून धापा टाकीत होता.

त्या आठवड्यांत माशांना खाऊ घालण्याची पाळी ज्या विद्यार्थ्याची होती, त्याच्यावर आमचा संशय गेला. "यानेंच जास्त खाऊ टाकला असेल," असें आम्ही एकमुखानें म्हणालों. तो बिचारा मान खालीं घालून उभा राहिला. आमचे शास्त्रशिक्षक एवढेंच म्हणाले, "आरोप करणें सोपें आहे, आधीं पुरावा शोधा."

मग आम्हीं एकेक कारण पारखून पाहिलें. पहिलें, खाऊ. तळाशीं कुजलेला खाऊ नव्हता, व डब्यांतील खाऊहि नेहमींइतकाच कमी झाला होता. दुसरें, नळाच्या पाण्यांतील क्लोरीन. तो माशांच्या कल्ल्यांस घातक खरा. परंतु आम्हीं तें पाणी दोन दिवस उघड्या घंगाळांत ठेविलें होतें, आणि क्लोरीनची बाधा सहा दिवस थांबत नाहीं, लवकरच दिसून येते. तिसरें, प्राणवायूची उणीव. लोट्यानें पाणी उंचावरून पुनःपुन्हां ओतून त्यांत हवा मिसळली, तरीहि मासा धापा टाकीतच होता.

शेवटीं शिक्षकांनीं नेस्लरचें द्रावण काढलें. तें विषारी असल्यामुळें आम्हांस हात लावूं दिला नाहीं. घंगाळांत उरलेल्या पाण्यांत त्याचे थेंब टाकतां रंग आला नाहीं. पेटींतील पाण्यांत मात्र पिंवळसर तपकिरी रंग उमटला. ती अमोनियाची खूण होती. दिसावयास निर्मळ असलेलें पाणी विषारी झालें होतें!

हा अमोनिया आला कोठून? मासा स्वतःच तो आपल्या कल्ल्यांवाटे पाण्यांत सोडीत असतो. जुन्या पेटींत वाळूवर वाढलेले सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट व पुढें नायट्रेट बनवितात. नायट्राइटहि विषारीच, नायट्रेट मात्र पुष्कळच सौम्य, व तें वनस्पति शोषून घेतात. अशा जंतूंचें कार्य सर्गेइ विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास सिद्ध केलें. त्याहि पूर्वीं, १८५० सालीं, लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं सोनेरी मासे, पाणवनस्पति व गोगलगाई एका पात्रांत ठेवून हे जीव परस्परांस कसे उपकारक होतात, हें दाखविलें होतें. आम्हीं वाळू उकळत्या पाण्यानें धुऊन ते जंतु मारले, आणि वनस्पतीहि फेंकून दिली. म्हणून विष दिवसेंदिवस सांचत गेलें.

निदान खरें कीं खोटें, हें उपायावरून कळतें. आम्हीं अर्धें पाणी बदललें, खाऊ कमी केला, आणि एका पालकांच्या घरच्या जुन्या पेटींतील न धुतलेली वाळू व थोडी वनस्पति आणून घातली. दुसरा मासा सायंकाळपर्यंत खालीं उतरला. पुढें दर तीन दिवसांनीं थोडें पाणी बदलीत राहिलों. द्रावणाचा रंग आठवड्या-आठवड्यास फिकट होत गेला, व महिन्याभरानें तो मुळींच उमटेना.

मासा मेला तो आमच्याच हातानें, आणि तोहि स्वच्छतेच्या हौसेनें. त्या विद्यार्थ्याची आम्हीं सर्व वर्गासमोर क्षमा मागितली. तेव्हांपासून पेटी पुसण्याचें काम आम्हीं त्याच्याकडेच दिलें आहे. वाळू तो कधींहि एकदम सगळी धूत नाहीं.