सिलिअ‍ॅक विकार : पथ्य आणि आपली औषधे

जीर्ण द्रवमलप्रवृत्ती, आध्मान, लोहकल्पांना न जुमानणारा पांडू आणि खुंटलेली वाढ अशी लक्षणे घेऊन बालक आले की आपण ग्रहणीची चिकित्सा आरंभतो. त्यांपैकी काहींस सिलिअ‍ॅक विकार असतो. गहू, यव व राय यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे, जन्मतः तशी प्रवृत्ती असलेल्या व्यक्तीची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लघ्वंत्रावर उलटते आणि तेथील शोषण करणारे अंकुर झिजतात. गव्हाचा हा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांनी १९५० मधील आपल्या प्रबंधात मांडला. ‘सिलिअ‍ॅक म्हणजेच ग्रहणी’ हे समीकरण मात्र आम्हांस मान्य नाही. संहितांनी गोधूमास बृंहण आणि संधानकर म्हटले आहे. या रुग्णापुरता तोच गोधूम निदान ठरतो, आणि निदानपरिवर्जन आयुष्यभराचे असते. अग्निदीपन कितीही झाले तरी त्यास पुन्हा गहू सोसेल असे आश्वासन देऊ नये.

येथे एक चूक आपल्याकडून वारंवार घडते. शंका येताच आपण गहू बंद करतो आणि रक्ततपासणीस नंतर पाठवतो. गहू सुटल्यावर टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज प्रतिपिंडे उतरू लागतात, अंकुर भरून येऊ लागतात, आणि निदान कायमचे संदिग्ध राहते. आधी तपासणी व गरजेनुसार आंत्राची बायॉप्सी, मगच पथ्य, हा क्रम मोडू नये.

आहाराच्या बाबतीत महाराष्ट्रातील रुग्ण सुदैवी. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, सर्व डाळी आणि तक्र त्यास मोकळे आहेत. अडचण येते ती गिरणीत. गव्हामागून दळलेली ज्वारी निरुपयोगी. घरघंटी असल्यास उत्तम. रवा, मैदा, शेवया, लापशी, सातूचे पीठ ही सर्व वर्ज्य.

आता आमचाच प्रमाद सांगतो. अकरा वर्षांची एक मुलगी पथ्याने सुधारली, वजन वाढले, आणि काही महिन्यांनी आध्मान व अतिसार पुन्हा सुरू झाले. आईने घरातील डबान्‌डबा तपासला. दोष आमच्या पुडीत होता. आम्ही दिलेल्या हिंग्वष्टकात बाजारचा बांधानी हिंग होता, आणि त्यात मैदा. घृतात भाजून हिंगाची शुद्धी होते, मैदा जात नाही. शुद्ध खडा हिंग महाग पडतो हे आम्ही जाणतो. तरीही हिंग्वष्टक, लशुनादी वटी, रजःप्रवर्तिनी हे कल्प करणाऱ्यांनी पुरवठादाराकडून हिंगातील मिश्रणाचे लेखी विवरण घ्यावेच.

अगस्त्यहरीतकीत यव क्वाथासाठी शिजतात, म्हणून ती या रुग्णांस देऊ नये. सौवीर व तुषोदक यवाचेच. यवानी मात्र ओवा आहे. नामसादृश्याने तक्रारिष्ट नाकारण्याचे कारण नाही. गव्हांकुराच्या चूर्णात दाणा मिसळलेला असू शकतो. वट्यांच्या बंधनद्रव्यात स्टार्च कशाचा, हे विचारल्याशिवाय कळत नाही. मक्याचा असल्यास चिंता नाही.

आहारद्रव्यांवर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहिण्यास किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन चालत नाही. आपल्या चूर्णांच्या वेष्टनावर, हिंग असेल तेथे तो खडा की बांधानी, एवढे तरी छापता येईल. त्या मुलीस आम्ही आता हिंगरहित चूर्ण स्वतंत्र खलात करून देतो.