पाच वॉट म्हणजे किती आवाज?

प्रश्न : मी फ्लॅटमध्ये राहतो आणि रात्री इलेक्ट्रिक गिटारचा सराव करतो. अमेरिकेतला भाऊ ५ वॉटचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आणतो म्हणतोय. घेऊ का?

उत्तर : ‘फक्त ५ वॉट’ या आकड्यावर जाऊ नका. ५० वॉटच्या तुलनेत ५ वॉटचा आवाज कानाला दहा पट कमी लागत नाही, साधारण निम्माच लागतो. फेंडर चॅम्पसारखा एकाच पॉवर व्हॉल्व्हचा छोटा अँपसुद्धा भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला उठवेल. व्हॉल्व्हचा तो खरखरीत, भरलेला स्वर बऱ्याच अंशी पॉवर व्हॉल्व्हवर ताण आला की मिळतो. म्हणजे आवाज वाढवल्यावरच. म्हणून १ वॉटचा, किंवा वॉट कमी करण्याची सोय आणि मास्टर व्हॉल्यूम असलेला अँप बघा. हेडफोनची सोय असेल तर उत्तमच. मात्र स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अँप चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. (हेडफोनवर स्पीकर काढता येतो का, हे माहितीपुस्तिकेत बघा.)

भावाला आधी मागची पट्टी वाचायला सांगा. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. अँपमध्ये २३० ची सोय नसेल तर पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब उरू शकतो, तेव्हा झाकण स्वतः उघडू नका.

आणि रोज रात्री अकरानंतरच वाजवणार असाल, तर माझं मत सरळ आहे: हेडफोनचा डिजिटल मॉडेलिंग अँप घ्या.